नर्मदेकाठी, दोन मोहांच्या मध्ये

मोलगीच्या पुढं जीपच्या टपावर बांधून आणलेली कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, पाण्यात सोडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. इथं नर्मदा वाहताना दिसत नाही. सरदार सरोवर धरणाचं पाणी सातपुड्याच्या दऱ्यादऱ्यांत शिरून थांबलंय. या काठच्या कितीतरी पाड्यांवर जायला डुंगी, म्हणजे इथली छोटी होडी, किंवा बार्ज हाच रस्ता. आम्ही दोघंच, शहाद्याचा मावसभाऊ आणि मी. तो पुढं, मी मागं, कारण कनूची दिशा मागच्याच्या वल्ह्यावर ठरते.

वल्हवणं तासाभरात जमलं, झोपायला जागा मात्र मिळेना. डोंगर थेट पाण्यातून वर उठलेला. तांब्या ठेवला तरी गडगडत खाली जाईल असा उतार. पाणी ओसरलेल्या पट्ट्यात गाळ, शिवाय जलाशयात मगरी, म्हणजे काठालगत तंबू लावणं शक्यच नव्हतं. "आते कथा निजानं?" आता झोपायचं कुठं, भाऊ अहिराणीत म्हणाला. ती रात्र तिरक्या तंबूत एकमेकांच्या अंगावर घसरत काढली.

सकाळी डुंगीतून जाळं ओढणारे एक काका भेटले. इकडं सपाट जागा कुठं आहे, विचारलं. त्यांनी वल्हं उचलून पाण्याच्या मध्यावर धरलं. "सपाट तिथं होती. शेतं होती आमची."

महाराष्ट्रातली 33 गावं या धरणाच्या बुडितात आली, सगळी आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातली. 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत, काठोकाठ भरलं. हे आकडे मला आधीही माहीत होते. पण आपण कुणाच्या तरी शेतावरून वल्हं मारतोय, हे त्या क्षणी कळलं, आणि बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

आमच्याकडं दोन हॅमॉक होते, दुपारी पडायला म्हणून घेतलेले. काकांनी कापड चाचपलं. "ही तर झोळी. झाडाला बांधा आणि झोपा."

संध्याकाळी बऱ्याच उंचावर मोहाची दोन जिवंत झाडं निवडली, वर वाळकी फांदी नाही हे नीट बघून. दोरीऐवजी रुंद पट्टे वापरले, म्हणजे साल सोलत नाही. पट्टा डोक्याच्या उंचीवर, मध्ये भरपूर झोळ. ताणून बांधला तर खांदे आवळतात. खरी युक्ती तिरकं झोपण्यात आहे. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला ठेवले की कापड पसरतं आणि पाठ सरळ होते. खालचा उतार अंगाला कळतच नाही! इतकी शांत झोप मला घरच्या गादीवरही क्वचित लागते.

मध्यरात्री मात्र पाठ गारठली. जानेवारीतला सातपुडा तो, पलीकडं डाब गावात दव गोठतं. स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा जाते आणि ऊब राहत नाही. उठून आईची गोधडी झोळीच्या खालून, बाहेरच्या बाजूनं बांधली. तिच्या चारही कोपऱ्यांना सुतळी, झोळीला हलकेच टेकेल अशी, मध्ये फट न ठेवता. दहा मिनिटांत पाठीला ऊब आली. वर मोहाची पानं, त्यांच्यामधून चांदण्या, खाली लांबवर पाण्याचा चुबुक चुबुक आवाज.

उजाडलं तेव्हा दरीभर धुकं होतं. पट्टे सोडून सालीवरून हात फिरवला, ओरखडाही नव्हता. भावानं तंबू गुंडाळून कनूच्या पुढच्या टोकात कोंबला. पुढच्या दोन्ही रात्री तंबू तिथंच राहिला.