योसेफाचा सापळा

प्रसंग आहे देवदूत गब्रीएल मरीयेला येशूच्या जन्माची वार्ता देतो तो. पण ‘मेरोद’ त्रिपट, म्हणजे तीन जोडफळ्यांचं हे चित्र, उघडलं की माझी नजर आधी उजवीकडच्या पॅनेलवर जाते. तिथे मरीयेचा वाग्दत्त वर योसेफ सुतारकाम करत बसलाय आणि त्याच्या पुढ्यात, खिळे-पकडीच्या पसाऱ्यात, उंदराचा सापळा आहे. आणखी एक सापळा बाहेर खिडकीशी मांडलाय, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. धंदा म्हणजे धंदा!

हे त्रिपट साधारण १४२७ ते १४३२च्या दरम्यानचं, फ्लेमिश चित्रकार रॉबर्ट कॅम्पिनच्या कार्यशाळेतलं. सध्या मुक्काम न्यूयॉर्कचं क्लॉइस्टर्स संग्रहालय. उंची जेमतेम ६४ सेंटिमीटर, म्हणजे चर्चपेक्षा घरातल्या प्रार्थनेला शोभणारी.

मरीयेच्या शेजारच्या खोलीत सापळे कशाला? १९४५ साली मायर शपिरो या कला-इतिहासकाराने उत्तर शोधलं ते प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीनच्या प्रवचनात. प्रभूचा क्रूस हा सैतानासाठी लावलेला सापळा, आणि प्रभूचा मृत्यू हे त्यातलं आमिष, असं ऑगस्टीन म्हणतो. आपण भज्याचा तुकडा अडकवून ठेवतो, तसंच. लालची सैतान तोंड घालायला गेला आणि अडकला.

एकदा हे कळलं की मधल्या खोलीतली एकही वस्तू स्वस्थ बसू देत नाही. टेबलावरची लिली म्हणजे मरीयेचं पावित्र्य. कोनाड्यातलं लखलखीत भांडं आणि शेजारचा टॉवेल, तेही पावित्र्यच. मेणबत्ती नुकतीच विझलीय, धूर अजून वर चढतोय. गोल खिडकीची काच न फोडता सात किरण आत आलेत आणि त्यांवरून खांद्यावर क्रूस घेतलेलं इवलंसं बाळ सरळ मरीयेच्या दिशेने निघालंय. तिने अजून पुस्तकातून मान वर केलेली नाही.

अशी चिन्हं शोधायचा नाद लागला की टॉवेलसुद्धा टॉवेल राहत नाही, ही मात्र माझी तक्रार आहे. मला इथलं खरं कौतुक सापळा सापळ्यासारखा दिसतो याचं वाटतं. त्याच सुमारास फ्लॉरेन्सचे चित्रकार यथार्थदर्शनाचं, म्हणजे सपाट चित्रात दूर-जवळचं अंतर दाखवण्याचं, गणित बसवत होते. इथे ते पार चुकलंय. टेबल इतकं कललंय की लिलीचा चंबू घरंगळायलाच हवा. पण तैलरंगाच्या पातळ थरांतून एकेक खिळा असा उतरलाय की त्याची सावली मोजावी.

खुद्द योसेफ गिरमिटाने एका फळीला भोकं पाडतोय. ती कशासाठी, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं सापळ्याचाच भाग, कुणी म्हणतं मासेमारीच्या आमिषाच्या डब्याचं झाकण. कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्कीच्या मते पाय शेकायच्या शेगडीचं झाकण. माझं मत शेगडीला. मरीयेच्या खोलीतल्या शेकोटीत आग नाही, पाय गारठत असणारच.