एका धातूची भावंडं

आमच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला गणित आणि विज्ञानही निघायचं. आठवीत एका धड्यात ‘फ्रॅजाइल’ हा शब्द आला. ‘नाजूक, ठिसूळ’ एवढा अर्थ उतरवून घ्यायला आम्ही वह्या सरसावल्या, तर सरांनीच विचारलं, “आत्ता गणिताला काय झालं?” अपूर्णांक, म्हणजे फ्रॅक्शन. “खो-खोत पडला त्याच्या हाताला काय झालंय?” फ्रॅक्चर. काचेत शिरताना किरण वळतो ते रिफ्रॅक्शन. मग फळ्याच्या मधोमध त्यांनी ‘फ्रांगेरे’ लिहिलं. लॅटिनमध्ये मोडणं, फोडणं. ही सगळी त्याचीच पोरं. धडा राहिला बाजूला, पण तक्रार कोणाची नव्हती.

मला आवडला तो ‘फ्रेल’, म्हणजे दुबळा. तोही मुळात फ्रॅजाइलच. फ्रेंचांच्या तोंडी घासून घासून मधला ‘ज’ गळाला आणि चौदाव्या शतकात तो इंग्रजीत आला. पुस्तकी लॅटिनच्या जवळचं ‘फ्रॅजाइल’ मागाहून, सोळाव्या शतकाच्या सुमारास रुळलं. सर म्हणाले, “तुमचं दुर्बल आणि दुबळा तेच.” तत्सम-तद्भव मराठीच्या बाईंनी शिकवलं होतंच, पण डोक्यात शिरलं ते तिथे. गंमत म्हणजे सुरुवातीला हा दुबळेपणा मनाचा, मोहाला बळी पडणाऱ्याचा. हॅम्लेट आईवर चिडून ‘फ्रेल्टी’ म्हणतो तीही हीच.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले आणि हा शब्द रोजचा झाला. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ज्येष्ठांमधल्या फ्रेल्टीच्या 5 खुणा मांडल्या: आपोआप घटलेलं वजन, सतत थकवा, सैल पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. 3 किंवा जास्त दिसल्या की माणूस फ्रेल. पकड मोजायचं यंत्र आजींच्या हातात दिलं की त्या आधी ते उलटसुलट करून बघतात, मग दात-ओठ खाऊन दाबतात. काटा जेमतेम हलतो.

घरचे म्हणतात, “वय झालं आता.” मला हे पटत नाही. ऐंशी ओलांडलेले कितीतरी जण या यादीत बसतच नाहीत, आणि बसणाऱ्यांनाही ताकदीच्या व्यायामाने, नीट खाण्याने बराच फरक पडतो. म्हणून नातेवाइकांना मी ‘दुबळ्या झाल्यात’ असंच सांगते, ‘ठिसूळ’ म्हणत नाही. हाडांचा ठिसूळपणा हा वेगळा आजार. त्याची तपासणी वेगळी, औषधंही वेगळी.