चावी नसलेली गाडी

टांगा म्हटलं की लोकांना टापांचा आवाज आठवतो, मला मात्र टांगेवाल्याची पाठ आठवते, कारण लहानपणी मागे बसल्यावर तेवढीच दिसायची. एकदा हट्ट करून पुढे बसलो तेव्हा कळलं की हा माणूस रस्त्याकडे कमी आणि घोड्याच्या कानांकडे जास्त बघतोय. कान पुढे ताठ म्हणजे समोर काहीतरी दिसलंय, मागे दबले म्हणजे साहेब चिडलेत, आणि एकच कान मागे वळला असेल तर तो आपल्या गप्पा ऐकतोय! चाबूक होता, पण नुसता हातात. बाकी सगळं जिभेच्या टकटकीवर आणि लगामाच्या एवढ्याशा ओढीवर.

आपण गाडी लावतो, चावी खिशात टाकतो आणि विसरून जातो. ह्यांचं तसं नाही ना, दिवसभर एक सवारी मिळाली नाही तरी घोडा खाणारच, रात्री खरारा करायचा, नाल झिजले की बदलायचे, खुरात खडा अडकलाय का बघायचं. म्हणजे आपण भाडं देतो ते दहा मिनिटांचं आणि काम बघायला गेलं तर चोवीस तासांचं. त्यात गाडी नि घोडा बऱ्याचदा मालकाचा, त्याला रोजचे पैसे द्यायचे आणि उरलं तर आपलं. ओळखीचं वाटतंय की नाही?

इंग्लंडमध्ये जोसेफ हॅन्समने १८३४ साली एका घोडागाडीचं पेटंट घेतलं, पुढे त्यात बदल होत होत गाडीवान चक्क मागे उंचावर जाऊन बसला. छताला झरोका, त्यातून पत्ता सांगायचा, पैसेही त्यातूनच, आणि दाराचा खटका गाडीवानाच्या हातात, म्हणजे भाडं बुडवून पळायची सोयच नाही. ज्याने हे शोधलं त्याला नक्की कोणीतरी टोपी घातली असणार 😄 पण पाऊस आला की सवारी आत आणि हा वर भिजतोय, आणि स्टँडवर घोडा सोडून जाताही येत नाही. शेवटी लंडनमध्ये १८७५ पासून त्यांच्यासाठी रस्त्याकडेला हिरव्या लाकडी खोल्या बांधल्या, अट एकच की एका घोडागाडीएवढ्याच जागेत बसायला हव्यात. त्यातल्या १३ अजून उभ्या आहेत, घोडे मात्र गेले, शेवटचं लायसन १९४७ मध्ये संपलं.

मुंबईतल्या 'व्हिक्टोरिया' घोडागाड्या हायकोर्टाने २०१५ मध्ये बंद करायला सांगितल्या. तापलेल्या डांबरावर तासन्‌तास उभे घोडे बघितलेत म्हणून मी त्यावर वाद घालणार नाही, फक्त कान वाचता येणाऱ्या माणसाने टॅक्सीच्या स्टिअरिंगवर बसून नेमकं काय वाचायचं हा प्रश्न पडतो.

त्या दिवशी परत येताना घोड्याने न सांगताच वेग धरला. मी घाबरून बघितलं तर टांगेवाल्याने लगाम सैल सोडलेला, मला म्हणाला, "आता त्याची ड्युटी संपली, घर दिसतंय त्याला. माझी अजून हाय."