नेपच्यूनचं दार

इंग्लंडमधल्या एका सभागृहात मी बॅकस्टेजचं काम करतो. संगीतकार गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’चा, म्हणजे ग्रहांवरच्या सात भागांच्या ऑर्केस्ट्रा-रचनेचा, कार्यक्रम होता, तेव्हा सकाळपासून जागेचीच मारामारी. सहा हॉर्न, दोन हार्प, सेलेस्टा हे छोट्या पियानोसारखं वाद्य, टिंपनी म्हणजे मोठे नगारे वाजवणारे दोघे. स्टेज पुढे वाढवूनही कोपरे पुरेनात. पण त्या दिवसाचं खरं काम विंगेमागच्या एका दाराचं होतं.

सात ग्रहांपैकी शेवटचा नेपच्यून. त्यात शब्दांविना गाणारा स्त्रियांचा कोरस आहे आणि तो प्रेक्षकांना दिसत नाही. होल्स्टने स्वरलिपीतच लिहून ठेवलंय: गायिका शेजारच्या खोलीत असाव्यात, दार शेवटच्या बारपर्यंत (तालाच्या शेवटच्या खंडापर्यंत) उघडं ठेवावं, मग हळूहळू, आवाज न करता लावावं, आणि तो एकच बार सूर दूर विरून जाईपर्यंत गात राहावं. हे दार लावणं माझ्याकडे आलं.

दार जड, आगीपासून बचावासाठी बसवलेलं. ते आपोआप लावणारा क्लोजर फुसफुसायचा आणि शेवटी लॅच खट्‌कन वाजायचा. सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी काढून क्लोजर उतरवला, बिजागऱ्यांना तेल दिलं, लॅच आत दाबून त्यावर कापडी पट्टी चिकटवली. तालमीत एक जण मागच्या रांगेत बसून खुणा करत होता. तेव्हा लक्षात आलं की दार एकाच वेगाने लावून चालत नाही. अर्धं लागेपर्यंत सभागृहात फारसा फरकच पडत नाही; आवाज खरा तुटतो तो शेवटच्या वीतभर फटीत. तिथे हात जवळजवळ थांबवावा लागतो.

अशी सूचना लिहिणाऱ्या माणसाला वाजवणाऱ्यांची बाजू पुरती ठाऊक असणार. होल्स्ट (1874–1934) मूळचा चेल्टनहॅमचा. हाताच्या दुखण्यामुळे पियानो सुटला, म्हणून तो ट्रॉम्बोन घेऊन ऑर्केस्ट्रात बसला. ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत द्यायचं म्हणून संस्कृत शिकला, सावित्रीच्या कथेवर छोटा ऑपेरा लिहिला. पोटासाठी लंडनमध्ये मुलींच्या शाळेत शिकवायचा. ‘प्लॅनेट्स’ सुट्ट्यांमध्ये आणि शनिवार-रविवारी लिहिलं, 1914 ते 1917च्या दरम्यान. हात इतका दुखायचा की सगळ्या वाद्यांचं अंतिम लेखन बरंचसं शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी त्याच्या सांगण्याबरहुकूम केलं. 29 सप्टेंबर 1918 रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये निमंत्रितांसमोर ते पहिल्यांदा वाजलं, एड्रियन बोल्टच्या संचालनाखाली. तालमीला दोन तासही मिळाले नव्हते. कोरसमध्ये होल्स्टच्याच विद्यार्थिनी होत्या. गुरू ग्रहाचा भाग चालू असताना बाहेर फरशी पुसणाऱ्या बायका हातातलं काम टाकून नाचू लागल्या, असं सांगतात. मला हा प्रसंग फार आवडतो. ज्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत नसतात, त्यांनाही ते संगीत पोचलं होतं.

रात्री मंगळाचा पाच मात्रांचा ठोका भिंतीतून पायापर्यंत येत होता. शनी, होल्स्टचा लाडका भाग, मी कॉरिडॉरमध्ये गायिकांसोबत उभा राहून ऐकला. युरेनस सुरू झाल्यावर सगळ्या आपापल्या जागी आल्या. साहाय्यक संचालिका छोट्या पडद्यावर मुख्य संचालकाचे हात बघून त्यांना ताल देत होती. ऑर्केस्ट्रा इतका हळू वाजतो की कॉरिडॉरमधून नीट ऐकू येत नाही, आणि सूर उतरण्याची धास्ती असते. एक गायिका डोळे मिटून एक कान बोटाने बंद करून गात होती.

खूण झाली. मी दार ओढायला घेतलं. मी आतल्या बाजूला होतो, हे मला तालमीत एवढं जाणवलं नव्हतं. सभागृहातल्या लोकांसाठी सूर दूर जात होता. माझ्या शेजारी तो तेवढाच भरलेला होता, उलट अरुंद कॉरिडॉरमध्ये अधिकच घुमत होता. फट संपली, दार टेकलं, तरी त्या गातच होत्या, तेच दोन स्वरमेळ पुन्हा पुन्हा, पडद्यावर संचालकाचे हात खाली येईपर्यंत. बाहेर ज्याला शेवट म्हणतात तो इथे झालाच नव्हता. असं संगीत माणसाने लिहिलं आणि त्याचा शेवट एका दारावर सोपवला, याचं मला आजही नवल वाटतं.

टाळ्यांसाठी गायिका स्टेजकडे धावल्या. मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. प्रेक्षक बाहेर पडायच्या आत क्लोजर परत बसवायचा होता.