ट्रक उलटत कसा नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "एवढी मोठी तोफ ट्रकच्या पाठीवर बसवलेली, ती डागली की ट्रक उलटत कसा नाही हो?" आमच्या सुदामानगरातल्या दूधवाल्याने हे विचारलंय, पीथमपूरच्या कारखान्यातल्या शिकाऊ पोरांनी विचारलंय, आणि एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या आजींनीसुद्धा. मी ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, क्राफ्ट्समन म्हणून भरती झालो आणि हवालदार म्हणून बाहेर पडलो. सगळी नोकरी तोफखान्याच्या रेजिमेंटांबरोबर, त्यांच्या तोफा दुरुस्त करण्यात गेली. इंदूरला घरी परतल्यावर पीथमपूरला ट्रकच्या सस्पेन्शनवर अकरा वर्षं काम केलं. तोफ आणि ट्रक दोन्ही हाताखालून गेल्यामुळे लोक हा प्रश्न माझ्याकडेच घेऊन येतात, आणि मला तो मनापासून आवडतो.

तर, ट्रक उलटू शकतो. नळी पार आडवी फिरवून, खाली झुकवून, पूर्ण चार्जने, म्हणजे सगळी दारू भरून, डागली तर उलटण्याची भीती खरी आहे. ट्रक लांब असतो पण रुंदीला अडीच-पावणेतीन मीटर, त्यामुळे आडव्या धक्क्याला त्याचा पाया तोकडा पडतो. म्हणून तर फ्रान्सच्या सीझर या ट्रकवरच्या तोफेची नळी मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १७-१७ अंशच वळते. त्यापलीकडचं लक्ष्य असलं की ड्रायव्हरने सगळा ट्रकच वळवून उभा करायचा.

माझी नात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "आजोबा, नुसतं सांगू नका, आकडे द्या." मग तिच्या वहीतच हिशेब मांडला. १५५ मिलिमीटरचा गोळा साधारण ४३ किलोचा. नळी ५२ कॅलिबरची, म्हणजे १५५ मिलिमीटरच्या ५२ पट, आठ मीटरहून किंचित जास्त. मोठ्या चार्जने गोळा सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने तोंडातून सुटतो. सीझरसारखा ट्रक तोफेसकट १८ टनांचा धरू. गोळ्यातली ऊर्जा काढली तर ती ताशी ५० किलोमीटरने धावणाऱ्या तसल्या दहा ट्रकांइतकी भरली. नात माझ्याकडे बघतच राहिली. पण ट्रकला मागे रेटतो तो संवेग. ४३ गुणिले ९००, भागिले १८,०००: सेकंदाला दोन मीटरहून थोडं जास्त, म्हणजे ताशी पावणेआठ किलोमीटर. गोळ्यामागून सुटणाऱ्या वायूचा धक्का यात धरलेला नाही. तो धरला की आकडा वाढतो. नळीच्या तोंडावरचा मझल ब्रेक तोच वायू बाजूला आणि मागे वळवून त्यातला काही भाग परत कमी करतो. एकूण काय, नुसत्या संवेगाने ट्रक हवेत उडणार नाही, रांगडा धक्का खाऊन मागे सरेल.

खरी भीती आहे ती हा धक्का किती वेळात बसतो याची. गोळा नळीत असतो तो सेकंदाचा जेमतेम पन्नासावा-साठावा भाग. नळी ट्रकच्या चौकटीला पक्की वेल्ड केली असती, तर तेवढ्या क्षणात चौकटीवर दोनशे टनांहून जास्त जोर आला असता. कुठलीच चौकट तो सोसणार नाही. म्हणून नळी पाळण्यात बसवतात आणि तिला मीटरभर मागे सरकू देतात. थांबायला वेळ साधारण दसपट मिळतो आणि जोर वीस-तीस टनांवर उतरतो. इंदूरच्या सियागंज बाजारात ट्रकवरून टाकलेलं पोतं हमाल कसं घेतो ते उभं राहून बघा. पाठ ताठ ठेवून तो कधीच घेत नाही. पोतं अंगावर आलं की गुडघ्यात वाकतो, दोन पावलं त्याच्याबरोबर जातो आणि मग सरळ होतो.

नळीचे हे गुडघे म्हणजे रिकॉइल यंत्रणा. एका सिलिंडरमधलं तेल बारीक छिद्रांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि त्यात जोर जिरतो. दुसऱ्यात नायट्रोजन दाबला जातो आणि तोच नळीला परत जागेवर आणतो. माझं निम्मं आयुष्य या तेलाच्या सीलांपाशी गेलं. गोळा सुटला की बाकीचे लोक आभाळाकडे बघायचे. मी बघायचो नळी किती मागे आली ती खूण. ती रोजच्यापेक्षा चार बोटं जास्त मागे गेलेली दिसली की त्या तोफेला हात लावू द्यायचा नाही, आधी तेल आणि गॅसचा दाब तपासायचा. या बाबतीत मी कुणाची भीड ठेवली नाही.

आता ते वीस-तीस टन जातात कुठे? जमिनीत. ट्रकच्या मागच्या बाजूला मोठं पोलादी फाळ असतं, फौजेत सगळे त्याला स्पेड म्हणतात. हायड्रॉलिकने ते खाली उतरतं, मातीत रुततं आणि ट्रकचा मागचा भार स्वतःवर घेतं. सीझर केबिनच्या डोक्यावरून पुढे डागते, त्यामुळे धक्का सरळ मागे स्पेडवर येतो. नळी वर उचललेली असली तर तो मागे आणि खाली असा दोन्हीकडे जातो, म्हणजे तोफच ट्रकला जमिनीवर दाबून धरते. हे मला सगळ्यांत सुंदर वाटतं. पण माती चांगली हवी. माळव्यातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगड होते आणि आषाढात ट्रॅक्टरचं चाक गिळते. तसल्या चिखलात स्पेड पहिल्या गोळ्याला धरतं, दुसऱ्याला सरकतं, आणि नेम प्रत्येक वेळी नव्याने धरावा लागतो. चांगला गन पोझिशन ऑफिसर नकाशाबरोबर मातीही बघतो.

ट्रकची बाजूही सांगतो, कारण ती कुणी विचारत नाही. साध्या मालट्रकची चौकट शिडीसारखी असते, दोन लांब पट्ट्या आणि मधे आडव्या. खड्ड्यात एक चाक गेलं की शिडी पिळवटते. माल वाहायला ते चालतं, किंबहुना हवंच असतं. पण वर तोफ असेल तर पिळवटलेली चौकट म्हणजे चुकलेला नेम. म्हणून तोफेखाली वेगळी मजबूत चौकट घालतात. टाट्रा या चेक ट्रकची रचना मुळातच निराळी: मधून एक जाड नळ, त्यातून इंजिनची ताकद जाते, आणि दोन्ही बाजूंचे अर्धे अ‍ॅक्सल आपापले वर-खाली झुलतात. नळ पिळवटत नाही. चेकोस्लोव्हाकियाने १९७०च्या दशकात आठ चाकांच्या टाट्रावर १५२ मिलिमीटरची दाना तोफ चढवली, ती याच भरवशावर. आपल्या सैन्यातही टाट्रा गाड्या वर्षानुवर्षं राबल्या. मी त्यांच्याखाली झोपून काम केलंय आणि त्या नळाविषयी मला आदर आहे.

एवढं ऐकून झालं की लोक म्हणतात, "पण एवढा खटाटोप कशाला? तोफ ट्रकच्या मागे बांधून न्यायची, जशी पूर्वी नेत."

पूर्वी नेत, ते मी बघितलंय. माझी पहिली रेजिमेंट १३० मिलिमीटरच्या रशियन एम-४६ची. तोफ अचूक, पल्ला २७ किलोमीटर, वजन आठ टनांच्या घरात. जागेवर आणायची म्हणजे टोइंग गाडीपासून सोडवा, ट्रेलचे, म्हणजे तोफेच्या मागचे, दोन्ही लांब पाय फाकवा, स्पेडसाठी खणा, नळी पुढे आणा, नेम धरा. निघताना हेच सगळं उलट क्रमाने, आणि तेही अंधारात. एका सरावात, राजस्थानात, अवेळी पाऊस झालेल्या रात्री, पाय मिटून लिंबरवर, म्हणजे ओढताना ते टेकवायच्या चाकांच्या गाड्यावर, चढवताना लोखंड घसरलं आणि माझ्या जोडीदाराच्या उजव्या हाताची दोन बोटं मधे सापडली. तो कराडकडचा, माझ्याच तंबूतला. आवाजसुद्धा केला नाही त्याने. "थांबा" एवढंच म्हणाला. त्या रात्री तोफ निघायला जो वेळ लागला, तो मी आजही मनात मोजतो. सराव होता म्हणून कुणी आमच्यावर उलट मारा करत नव्हतं.

लढाईत करतात. आपल्याकडच्या स्वातीसारखं रडार उडत्या गोळ्याचा मार्ग टिपतं आणि तो सुटला कुठून ते मागे हिशेब करून काढतं. लांबच्या लक्ष्यावर गोळा पोहोचायला मिनिटभराहून जास्त लागतो. म्हणजे तुमचा पहिला गोळा अजून हवेतच असतो आणि समोरच्याला तुमचा पत्ता मिळालेला असतो. ओढून नेण्याच्या तोफेची माणसं तेव्हा कुठे स्पेड उपसायला लागलेली असतात. सीझर मिनिटाला सहा गोळे टाकते आणि पुढच्या मिनिटात रस्त्याला लागते. ट्रकवर तोफ चढवण्याचं सगळं कारण या दोन मिनिटांत आहे.

मी उज्जैनच्या पुढे महिदपूरला गेलो होतो, क्षिप्रेच्या काठी. २१ डिसेंबर १८१७ला तिथे होळकरांचा तोफखाना उभा होता. नदी ओलांडून येणाऱ्या इंग्रजी पलटणींची शेकडो माणसं त्या तोफांनी पाडली. बाकीची फौज मोडल्यावरही गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. साठाहून जास्त तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. मग मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. आमच्या शहराचं आजचं रूप त्या पराभवातून सुरू होतं. लहानपणी त्या गोलंदाजांची गोष्ट ऐकताना छाती फुगायची. नदीकाठी उभा राहिलो तेव्हा मनात दुसरंच आलं: बैलांनी ओढायच्या तोफा त्या घाईत निघणार कशा होत्या? त्यांना मागे नेण्याची सोयच नव्हती. शौर्य होतंच, पण त्यांना जगण्याची वाट द्यायला हवी होती, आणि ती द्यायचं काम माझ्यासारख्या कारागिरांचं असतं.

ट्रकवरची तोफ सगळीकडे चालते असं मी म्हणणार नाही. रणगाड्यांच्या जोडीने वाळवंटात धावायचं असेल तर ४७ टनांची, पट्ट्यांवर चालणारी के-९ वज्रच हवी. ट्रकला तिच्यासारखं चिलखत नाही. सीझरचे लोक गोळा भरायला खाली उतरतात, उघड्यावर उभे राहतात. युक्रेनमध्ये २०२२पासून या तोफांनी मोठं काम केलं, आणि रशियाच्या लान्सेट ड्रोननी त्यांतल्या काही टिपल्याही. ड्रोनपुढे दोन मिनिटंसुद्धा जास्त ठरतात. तरीही युक्रेन स्वतःची बोहदाना तोफ ट्रकवर बांधत राहिला. ट्रकचे सुटे भाग मिळतात, ड्रायव्हर लवकर तयार होतो, रस्त्याने शेकडो किलोमीटर ती स्वतःच्या चाकांवर जाते. पीथमपूरला असेंब्ली लाइनवरून ट्रक उतरताना मी रोज बघितलेत. ज्या देशाला ट्रक बनवता येतो, त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

आपल्याकडे पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने ५२ कॅलिबरची अटॅग्स तोफ बनवली. मार्च २०२५मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला. त्या ओढून न्यायच्या आहेत, सोबत सहा चाकी टोइंग गाड्या. पण तीच तोफ आठ चाकी ट्रकवर चढवण्याचं काम अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेने केलंय, आणि ती दीड मिनिटाच्या आत डागायला तयार होते. अहिल्याबाईंच्या नावाच्या गावातून ही तोफ येतेय, याचा इंदूरकराला आनंद होणारच. ती लवकरात लवकर रेजिमेंटांत पोहोचावी असं मला फार वाटतं.

नोकरीच्या मधल्या काळात आमच्याकडे बोफोर्स आली, १९८६च्या करारातल्या ४१० पैकी. तिला स्वतःचं छोटं इंजिन होतं, गाडीपासून सुटली की ती आपली आपण थोडं अंतर चालायची. पहिल्यांदा तिला चालताना बघून आमची सगळी डिटॅचमेंट गप्प उभी राहिली होती. त्याच घराण्यातली स्वीडनची आर्चर तोफ आता सहा चाकी व्होल्व्होवर बसलीय. २१ गोळे तिच्या पोटातच असतात, भरते आपोआप, आणि माणसं चिलखती केबिनमधून बाहेर येतच नाहीत.

तिचा व्हिडिओ मी कराडला जोडीदाराला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. पल्ला किती, किंमत किती, काही विचारलं नाही.

"दोनदा बघितला," तो म्हणाला. "खाली कोण उतरलं रे? मला तर कुणीच दिसलं नाही."

"कुणीच उतरत नाही."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नातवाला दाखवतो उद्या. निघताना स्पेड उचलते ना, तेवढा भाग वेगळा काढून पाठव."