कार्डावर नाव दुकानाचं

मॉलमधल्या मोठ्या दुकानात बिलाच्या रांगेत उभं राहिलं की टॅब घेतलेली एखादी मुलगी हटकतेच. "सर, स्टोअरचं कार्ड घ्या ना, पाचशेचं व्हाउचर आहे. दोन मिनिटांत अप्रूव्ह होतं." तिच्याशी कितीही गोड बोला, मंजुरी तिच्या हातात नसते. कार्डावर नाव दुकानाचं, पण उधारी बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे अशा को-ब्रँडेड कार्डात दुकानाचं काम जाहिरात आणि वितरणाचं. तुम्ही ते कार्ड कुठे किती घासलंत, हे बघायची त्याला मुभा नाही.

पॅन नंबर टाकला की बँक सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्युरोचं, दार ठोठावते. स्कोअर ३०० ते ९०० मधला. ७५०च्या पुढे असला की काम सोपं होतं. गंमत अशी की "आयुष्यात कुणाचे पाच पैसे उधार घेतले नाहीत" असं अभिमानाने सांगणाऱ्याचा तिथे इतिहासच नसतो, आणि बाइकचे हप्ते वेळेवर फेडणारा त्याच्यापेक्षा भरवशाचा ठरतो. एकाच शनिवारी तीन दुकानांत अर्ज केले तर तीन चौकश्या नोंदल्या जातात, आणि माणूस पैशाला फारच नडलेला दिसतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर घटत नाही. अशा चारही ब्युरोंकडून वर्षाला एकेक फुकट मिळतो, तो आधी बघावा.

पगार, स्कोअर सगळं ठीक असूनही अर्ज अडतो तो नावापाशी. आधारवर 'पाटील सुनीता राजेश', पॅनवर 'सुनीता आर. पाटील', आणि बँकेच्या जुन्या खात्यात अजून माहेरचं आडनाव. आपल्याकडे यात कुणालाच काही खटकत नाही. सॉफ्टवेअरला मात्र या तीन वेगवेगळ्या बायका वाटतात. अर्जात नाव पॅनवर आहे तस्संच लिहावं, आणि आधार-पॅनमध्ये तफावत असेल तर आधी ती दुरुस्त करून मगच अर्ज करावा. पत्त्याचंही तेच. आधारवर गावचं 'मु. पो.' आणि राहणं हडपसरला भाड्याने असेल, तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा जवळ हवा. काही पिनकोडांवर तर बँक कार्डच देत नाही.

मग व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळखीची पडताळणी. मूळ पॅनकार्ड, कोरा पांढरा कागद आणि चालणारं पेन घेऊन बसावं, फोनचं लोकेशन चालू ठेवावं. भारताबाहेरून हा कॉल चालत नाही. पॅनला लॅमिनेशन असेल तर ट्यूबलाइटखाली धरू नये. त्यावर उजेड चमकतो, नंबर दिसत नाही आणि कॉल फुकट जातो.

अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. "अंतर्गत धोरणानुसार" एवढंच आलं तर पुन्हा विचारावं. इतिहासच नसेल तर एफडीवर मिळणारं कार्ड घेऊन वर्षभर बिलं वेळेवर भरणं, हा खरा उपाय.

आता त्या व्हाउचरचा हिशोब. समजा वार्षिक शुल्क ४९९ आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. पाचशेचं व्हाउचर इथेच संपलं. शंभर रुपयांच्या खरेदीला दोन रिवॉर्ड पॉइंट आणि पॉइंटला २५ पैसे असा दर असेल, तर लाभ अर्धा टक्का. दहा हजारांची बाकी महिनाभर साडेतीन टक्क्यांनी अंगावर राहिली तर व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून ४१३ रुपये जातात. तेवढे पॉइंट जमवायला ८२,६०० रुपयांची खरेदी करावी लागेल. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून निवांत झोपणाऱ्यांनी ही आकडेमोड एकदा करून पाहावी.

कार्ड आलं आणि मन बदललं तर घाबरायचं कारण नाही. ३० दिवसांत ते चालू केलं नाही तर बँकेला ओटीपीने तुमची संमती मागावी लागते. ती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत विनाशुल्क खातं बंद करावं लागतं. चालू कार्ड बंद करायलाही सातच दिवस, पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेकडून तुम्हाला. अट एकच, थकबाकी शून्य हवी. आणि विनंती करण्याआधी पॉइंट खर्चून टाका.