आमची वाटचाल : सातारा ते बामणोली

"बामणोली, बामणोली! दोन सीट, दोन सीट!" सातारा स्टँडबाहेर असं ओरडत आमचा धंदा सुरू झाला. गाडी एकच, तीही जुनी ट्रॅक्स. वडाप म्हणजे सीटवर चालणारी खासगी गाडी, आणि तिचा नियम ठरलेला : भरल्याशिवाय हलायचं नाही. दोन सीट म्हणायचं आणि आत पाच रिकाम्या असायच्या, हेही आलंच.

हा नियम एका गणपतीत अंगलट आला. पलीकडच्या खोऱ्यातलं, मुंबईत माथाडी काम करणारं एक कुटुंब गाडीत होतं. सोबत म्हातारी आई, मांडीवर मखराचं सामान. शेवटच्या दोन सीटसाठी मी पाऊण तास रखडवलं. यवतेश्वरच्या घाटात धुकं, कासला त्याहून दाट. बामणोलीला पोचलो तर शेवटची लाँच गेलेली. कोयना धरणात जुन्या वाटा बुडाल्यापासून पलीकडे जायचं तर धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, नाहीतर लांबचा वळसा. बिचाऱ्यांनी रात्र ओळखीच्यांच्या पडवीत काढली. मला कुणी काही बोललं नाही. आजींनी भाडं मोजून हातात ठेवलं, एवढंच.

तेव्हापासून गाडी वेळेवर सुटते, तीन सीट असोत की दहा. पहिले काही महिने डिझेलही सुटेना; बायकोने हिशेबाची वही माझ्यापुढे आपटली. मग हळूहळू फोन यायला लागले : "स्वारगेट सोडलंय, लाँचवाल्याला सांगून ठेवा."

२०१२ मध्ये कासचं पठार जागतिक वारसा यादीत गेलं आणि फुलांच्या दिवसांत पुण्या-मुंबईची गर्दी वाढली. आता तीन गाड्या आहेत, तिन्ही पिवळ्या पाटीच्या.

नव्या पाहुण्यांना आम्ही आधीच सांगतो. रेल्वेने आलात तर स्टेशन माहुलीला आहे, गावात नाही. रिक्षाचा वेळ धरा. एसटी सगळ्यात स्वस्त, फक्त परतीची वेळ कंडक्टरला विचारूनच उतरा. वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी आणि लाँच धरून अख्खा दिवस जातो, म्हणून साताऱ्यातून पहाटेच निघा. स्वतःची गाडी पाण्यापलीकडे न्यायची असेल तर महाबळेश्वरकडून तापोळ्याला उतरा, तिथे तराफा आहे. आणि मे महिन्यात पाणी इतकं मागे सरतं, की भेगाळलेल्या गाळातून लाँचपर्यंत चालावं लागतं. चाकांची बॅग तिथे काही कामाची नाही!

त्या आजी अजून येतात. पुढच्याच सीटवर बसतात, आणि मी चावी फिरवायच्या आधी माझ्या मनगटावरचं घड्याळ बघतात.